चट्ट्यापट्ट्यांची वेल

ऑफिसातून घरी आले तर माझ्या मनी प्लांटला तीनच पानं उरलेली. सकाळी निघताना वीस-बावीस तरी असतील. हिरव्या पानावर पिवळे-पांढरे चट्टेपट्टे, चुना शिंपडल्यासारखे. ती चट्ट्यांची पानं एकूणएक खुडलेली, आणि ज्यांच्यावर चट्टा नव्हता ती तीन तेवढी वेलीवर ठेवलेली. खुडलेल्या पानांची ओल्या फडक्यावर देठाला देठ लावून नीट चवड केली होती. शेजारी मामा भिंतीला टेकून बसले होते, तोंड घट्ट मिटून.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या.

माझ्या नाकावर राग तेव्हाही होता, आताही आहे. पर्स खाली ठेवायच्या आधी माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "मामा, हे काय करून ठेवलंत? सहा महिने जपली ती वेल. ह्या भयाण दुष्काळात तांदळाच्या धुवणावर जगवली. तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं?" मामा गप्प. मी आणखी बोलले. मामा आणखी गप्प. मला वाटलं, बघा कसा ताठा आहे, सुनेला उत्तर द्यायचीसुद्धा गरज वाटत नाही. चांगली पंधरा मिनिटं मी बोलत होते. मग बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ सुजले होते.

झालं होतं असं, की मामांनी एक पान चावून पाहिलं होतं. जन्मभर पानमळ्यात राबलेला माणूस, कुठलंही पान हातात आलं की आधी दाताखाली धरणार. मनी प्लांटचं पान खाजरं असतं, सुरणापेक्षा वाईट. जीभ सुजून त्यांना बोलताच येत नव्हतं, आणि मी बाई त्यांना ताठा आहे म्हणत होते. मग काय, माझा राग राहिला बाजूला. चिंच कोळून पाजली, जिभेला तूप लावलं, दिवे लागणीपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहिले.

बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य हेच, "रोग लागला व्हता, पोरी. चट्टे पडले की मंग वेल ऱ्हात न्हाई. म्हनून खुडली पानं."

"मामा, तो रोग नाही. ही जातच तशी. त्या चट्ट्यांसाठीच तर लोक लावतात."

"चट्ट्यासाठी?" ते माझ्याकडं असं बघायला लागले, जसं काही माझंच डोकं फिरलंय.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नांदेडच्या कचेरीतून माझी बदली लातूरला झाली. आमच्या ह्यांचं काम बांधकाम खात्यात, त्यांनीही खटपट करून इकडंच बदली घेतली. आमचं ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं, कपाटं कमी आणि फायली लई. मी आवक-जावकला बसायची. तिथल्याच एका बाईंनी मला ह्या वेलीची वीतभर काडी दिली होती आणि मी ती मुरंब्याच्या बरणीत पाण्यात ठेवली होती. आम्ही दोन खोल्यांत राहायचो, एकच खिडकी, पुढं मालकांचं अंगण. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. टँकर एक दिवसाआड यायचा, कधी तोही यायचा नाही. अशात घरात एक हिरवी गोष्ट असावी, एवढाच माझा हट्ट होता.

मामांचा पानमळा अर्धापूरच्या पलीकडं एका खेड्यात होता. खायच्या पानाचा मळा. आता तिकडं जिकडं बघावं तिकडं केळी आहे. पानमळा हे त्यांच्या लेखी देवाचं ठिकाण. चप्पल बांधाबाहेर काढायची. अंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आणि बायकांनी अडचणीच्या चार दिवसांत बांधाच्या जवळसुद्धा फिरकायचं नाही. मी लग्न करून गेले तेव्हा हे सगळं मला आत्यांनी हसत हसत सांगितलं होतं. वर म्हणाल्या होत्या, "तुला काय करायचं त्या मळ्याशी? तू आपली नोकरी कर. कुनी काय म्हनलं तर मला सांग." माझी नोकरी टिकली ती आत्यांमुळं, हे मी आजही कुणालाही सांगते.

विहीर आटली त्या उन्हाळ्यात आत्या लांबच्या आडावरून डोक्यावर घागरी आणून वेलींच्या मुळाशी ओतत होत्या. चाळिशी ओलांडलेली बाई, त्या वयात दिवसांचा काही भरवसा नसतो. एका दुपारी मळ्यात असतानाच त्यांची पाळी आली. त्या भल्या बाईनं लपवलं नाही, लगोलग बाहेर येऊन मामांना सांगितलं. पुढच्या आठ-दहा दिवसांत मळा वाळून गेला. विहिरीत थेंब नाही, वर ऊन असं, तो वाळणार नाही तर काय होणार? पण मामा पारावर चार लोकांत बोलून गेले, "हिच्या पायानं मळा गेला."

आत्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. कापडाची पिशवी भरली, कंधारच्या गाडीत बसल्या आणि लेकीकडं जाऊन राहिल्या. मामांना हे लातूरला घेऊन आले. त्याला सव्वा वर्ष झालं होतं. ह्यांनी दोनदा कंधारला जाऊन हातापाया पडून पाहिलं. आत्यांचं एकच म्हणणं, "त्यांनी बोललं, त्यांनी न्यावं." आणि मामांसमोर नुसतं कंधार म्हटलं तरी ते उठून बाहेर जाऊन बसायचे. आमच्या घरात दुसरी कसलीच चिंता नव्हती. आत्या परत येतील का, एवढीच होती.

तर, पानं खुडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा बरणी रिकामी होती. मामांनी कुठूनसा तेलाचा पत्र्याचा डबा पैदा केला होता, बुडाला भोक पाडलं होतं, मालकांच्या अंगणातली माती आणि वाळलेलं शेण चाळून भरलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. बघ आता." वेलीचं ते बोडकं खोड त्यांनी हातात घेतलं, हळूहळू वेटोळं केलं आणि मातीत पुरलं. शेंडा तेवढा वर ठेवला. पानमळ्यात दरवर्षी असं करतात, म्हणाले, त्याला उतरण म्हणतात. खालचं खोड थकलं की वेल उतरवायची, मातीत निजवायची, म्हणजे ती नव्या जोमानं वर चढते. बोलताना त्यांची बोटं मातीत चालत होती. सव्वा वर्षात त्या हातांना काम म्हणून नव्हतं. मनात म्हटलं, जाऊ दे ती वेल, काय व्हायचं ते होवो तिचं.

वेल जगली. नुसती जगली नाही, फुटायला लागली. मग मामांनी तिचं ठिकाण ठरवलं, आतल्या खोलीतला अंधारा कोपरा. पानवेलीला सावली लागते, हे त्यांचं शास्त्र. तिथं नवी पानं आली ती साधी हिरवी, आणि मामा खूश. "बघ, रोग गेला." मी डबा उचलून खिडकीशी ठेवला. दुपारी ते परत कोपऱ्यात नेऊन ठेवायचे, संध्याकाळी मी परत खिडकीशी आणायची. महिनाभर आमचा हा खेळ चालला, दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. हे म्हणायचे, "त्या डब्याला चाकं लावून देऊ का?" शेवटी खिडकीतच एक पान उलगडलं, अर्धं हिरवं आणि अर्धं दुधासारखं पांढरं. मामा त्याच्यापुढं लई वेळ बसले. उलटं करून पाहिलं, देठ चाचपला, वास घेतला. "मऊ न्हाई पडलं, गळालंबी न्हाई," ते म्हणाले. "जातच हाय म्हनायची." त्या दिवसापासून डबा खिडकीत राहिला.

पण मग नेम सुरू झाले. डब्यापासून दोन हातांच्या आत चप्पल आणायची नाही. हात धुऊनच पानाला हात लावायचा. टँकरच्या रांगेला भल्या पहाटे मामाच जायचे, तो जिम्मा त्यांनी आपणहून घेतला होता. त्यामुळं वेलीला पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं. एकदा जमिनीकडं बघत म्हणाले, "पोरी, त्या चार दिसांत तेवढं घालू नको. मला सांगत जा. मी रांगेतनं आल्यावर घालीन."

मी म्हटलं, "बरं."

म्हटलं खरं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सांगत जा म्हणे! दर महिन्याला सासऱ्याला जाऊन सांगू? आणि आत्यांचा निम्मा जन्म ह्याच नेमानं नासवला ना? मी काही सांगितलं नाही आणि काही पाळलंही नाही. भाजीचं धुवण, डाळीचं धुवण, जे हाताला लागेल ते बाराही महिने घालत राहिले. खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यात आठ दिवस मी चोरून रोज पानं बघत होते, एखादं पिवळं पडतंय का म्हणून. एवढी शिकलेली, ऑफिसात बसणारी बाई, आणि ही गत! एकही पान पडलं नाही. उलट त्या आठवड्यात नवा शेंडा फुटला. मग माझी भीती गेली, हट्ट तेवढा राहिला.

दुसरा उन्हाळा आला तोवर वेल खिडकीच्या चौकटीवरून चढून, सुतळीच्या आधारानं छताखालून समोरच्या भिंतीपर्यंत गेली होती. सुतळ्या मामांनी बांधल्या होत्या, पानमळ्यात बांधतात तशा गाठी मारून. पानं तळहाताएवढी झाली होती. बाहेर गवताची काडी दिसत नव्हती, त्यामुळं आळीतली माणसं वेल बघायला यायची. मामा बघणाऱ्याला दारातच थांबवायचे, "चप्पल भायेर." मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. माणूस बोलायला लागला होता, पोटभर जेवायला लागला होता. पण आत्यांचा विषय निघाला की परत तेच, उठून बाहेर.

त्या सुमारास वन्संचं, म्हणजे नणंदेचं, कंधारहून पत्र आलं. आई धड जेवत नाही. लेकराबाळांचं सगळं करते, पण कोपऱ्यात बसली की एकच म्हणते, माझ्यानं मळा गेला. आधी रागानं बसली होती, आता तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलंय.

हे पत्र मी वाचलं तो रविवार होता. हे साइटवर गेलेले. पत्र माझ्या हातात आणि पुढं मामा घरमालकीणबाईंना वेल दाखवत होते. मालकीणबाईंनी विचारलं, "आमची तुळस बी जळाली, तुमची ही कशी काय जगली?" मामा छाती काढून म्हणाले, "नेम लागतो, बाई. वेलीला इटाळ चालत न्हाई. आमच्या घरात नेम पाळून राहिलो आम्ही, म्हनून जगली. मळ्यात एक डाव नेम मोडला, तर बघा, सगळं गेलं."

माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. पत्रातलं ते वाक्य डोळ्यांपुढं होतं. मी म्हटलं, "कसला नेम, मामा? तुम्ही रांगेत असता तेव्हा मी बाराही महिने पाणी घालते. एक दिवस चुकवला नाही. आजही घातलंय, आणि आज माझा तिसरा दिवस आहे."

मालकीणबाईंना चुलीवरचं काहीतरी आठवलं आणि त्या गेल्या. मामा तिथंच उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"पयल्यापून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

त्यांनी हात वर करून एक पान धरलं, सोडलं. दुसरं धरलं. "मंग तिच्या पायानं..." एवढंच म्हणाले. खाली बसले आणि धोतराचा सोगा तोंडावर घेतला.

त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. हे घरी आले आणि मला ऐकवलं ते बरोबरच ऐकवलं. "खरं बोललीस, पण परक्या बाईपुढं कशाला? वडलांनी आईला चार लोकांत बोललं म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो, आणि तू काय केलंस?" माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होतं, पण तिनं एखाद्याचं काय होतं ते मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. मी मामांपुढं जाऊन बसले आणि म्हटलं, "मामा, माझं चुकलं. असं सगळ्यांपुढं बोलायला नको होतं." ते म्हणाले, "तुझं न्हाई चुकलं, पोरी." आणि परत भिंतीकडं तोंड करून बसले. पाणी तेवढं प्यायले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून उभे होते. ट्रंकेतून त्यांनी एक लोखंडी नखी काढली. पानं खुडताना अंगठ्यावर चढवतात ती. मळा गेल्यापासून ती बाहेर आली नव्हती. तिनं त्यांनी वेलीचा चांगला हातभर शेंडा कापला, सगळ्यात जास्त चट्ट्यांचा, आणि माझी ती मुरंब्याची बरणी मागून घेतली. "गाडी किती वाजता हाय कंधारची?" त्यांनी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मी येतो बरोबर. मामा म्हणाले, "न्हाई. माझं मीच जातो." बरणी दोन्ही हातांत धरून ते स्टँडकडं गेले. मी दिवसभर ऑफिसात टपालाच्या नोंदी चुकवत होते.

कंधारला काय झालं ते मला वन्संनी नंतर सांगितलं. मामा अंगणात येऊन उभे राहिले, घरात आलेच नाहीत. आत्या दारात आल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मामांनी वन्संना सांगितलं, शेजारपाजारच्यांना बोलाव. चार बाया, दोन म्हातारे जमले. मग मामा म्हणाले, "मी हिला चार लोकांत बोललो व्हतो. चार लोकांतच परत घेतो. मळा दुष्काळानं गेला. ही घागरी वाहून वाहून झिजली, आन् मी हिच्यावर घातलं. माझं चुकलं." बरणी त्यांनी आत्यांच्या पायापाशी ठेवली. आत्यांनी वाकून बरणी उचलली, पान निरखलं आणि म्हणाल्या, "रोग लागलाय की हेला." तेव्हा मामा म्हणे सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं लातूरला आले. आत्या निम्म्या झाल्या होत्या. मी पायाला हात लावला तर मला उठवून जवळ घेतलं, पण आत येईनात. चप्पल त्यांनी पार पायरीखाली, अंगणात काढली होती, मळ्याच्या बांधाबाहेर काढावी तशी. उंबऱ्यातूनच त्या वेलीकडं बघत उभ्या होत्या. मालकीणबाईही आवाज ऐकून दारात आल्या.

त्या दिवशी टँकर आला नव्हता. माठात प्यायचं पाणी होतं तेवढंच, पार उद्या सकाळपर्यंत पुरवायचं. मामांनी त्या माठात तांब्या बुडवला, भरून काढला आणि आत्यांपुढं धरला. मला वाटलं, प्यायला दिला.

"घाल वेलीला," मामा म्हणाले.

आत्यांनी पदर सावरला. मान खाली घालून, आम्हाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्या न्हाई. अडचन हाय मला. गाडीतच सांगितलं की तुमाला."

"हाव, सांगितलंस," मामा म्हणाले. "म्हनूनच म्हनतो. घाल."

आत्या आत आल्या. पहिलं पाणी डब्याच्या काठावरच सांडलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि ओतत राहिल्या. माती भिजली, डबा भरला, बुडाच्या भोकातून पाणी फरशीवर आलं, खिडकीपासून उंबऱ्याकडं वाहत निघालं. भाजीचं धुवणसुद्धा गाळून वापरणारी मी बाई, ते बघत बसले. मालकीणबाईंनी पाय मागं घेतला, एवढंच.

तांब्या रिकामा झाला. मामांनी तो त्यांच्या हातून घेतला आणि माठाकडं बघत विचारलं, "आनखी आनू का?"